बारा चकत्या

राजवाड्याच्या मागील अंगाला एक लांबट खोली होती. तिच्या दारातच ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा गंध येई. त्या खोलीत एका सुताराने एकतीस वर्षे काढली. दरबारातील प्रत्येक आसन त्याच्या हातचे. कोणी कौतुक केले तर तो बोलणाऱ्याकडे न पाहता आसनाकडे पाही, जणू उत्तर आसनानेच द्यायचे आहे. लाकडावर उजवा अंगठा फिरवून तो त्यातील सूक्ष्मातिसूक्ष्म वैगुण्य ओळखी. त्या अंगठ्यावर त्याचे घर चालत होते.

त्या दरबारात मान उंचीने मोजला जाई. सिंहासन सर्वांत वर, प्रधानांचे आसन त्याहून तीन बोटे खाली, इतरांची त्याच्याही खाली. वर्षातून एकदा, मापाच्या दिवशी, सुतार भर दरबारात दोरी लावून एकेक आसन मोजी. सिंहासन मात्र मोजले जात नसे. त्याविषयी शंका घेणार कोण? सिंहासनाचे निघालेले लाकूड जाळायचे नाही, टाकायचे नाही, सुताराने घरी जपायचे, असा नियम होता. आणि सिंहासनाला इजा झाल्यास त्याचा उजवा अंगठा तोडायचा, असाही.

प्रधानजींना ती तीन बोटे सलत होती. देहाने ठेंगणे आणि आकांक्षेने गगनस्पर्शी असे हे गृहस्थ. एकदा त्यांनी दरबाऱ्यांची गुपिते ऐकण्यासाठी जाड पडदा लावून घेतला होता. पहिल्याच दिवशी त्यामागे महाराज येऊन बसले आणि प्रधानजींनी केलेली महाराजांची नक्कल महाराजांनीच ऐकली. त्यानंतर महिनाभर प्रधानजी उभ्याने कामकाज करीत होते. तरी खोड गेली नाही. आपले आसन वाढवावे तर मापाच्या दिवशी पितळ उघडे पडणार. म्हणून एका दुपारी ते सुताराच्या खोलीत आले.

“सिंहासनाचे पाय बोटभर काप.”

सुताराने रंधा खाली ठेवला. “प्रधानजी, माझा अंगठा जाईल.”

“कापलंस तर कुणाला कळणार नाही. नाही कापलंस, तर सिंहासनाला ओरखडा तूच पाडलास असं मी उद्या सांगेन. मग अंगठा नक्की जाईल. बघ, काय परवडतं ते!”

सुताराने कापले. चार पायांच्या चार चकत्या निघाल्या. सुताराने पातळ कापून फसवू नये म्हणून प्रधानजींनी प्रत्येक चकती मोजली आणि पसंतीची खूण म्हणून तिच्यावर आपली मुद्रा उमटवली. हाताखालून गेलेल्या वस्तूला मुद्रेविना सोडणे त्यांना जमतच नसे. असे तीन वर्षे चालले. बारा चकत्या सुताराच्या घरी फडक्यात बांधलेल्या राहिल्या.

तिसऱ्या वर्षी दोन्ही आसने समपातळीत आली. पण प्रधानजींच्या उंचीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, कारण महाराज स्वतःचे गुडघे पाहत होते. सिंहासन उंच चौथऱ्याच्या कडेला होते आणि पूर्वी त्यांच्या पायांखाली तीन बोटांचा लाकडी ठोकळा लागे. आता पाय थेट चौथऱ्याला टेकत होते.

“वैद्यराज, मी वाढतोय का?”

वैद्यराजांनी अंमळ विचार केला. “काही थोर पुरुषांची वाढ चाळिशीनंतरही चालू राहते, महाराज.”

महाराजांनी ठोकळा भर चौकात जाळून टाकला आणि प्रधानजींना म्हटले, “वाढत्या माणसाला सल्ला कशाला? तुम्ही आता घरी बसा.”

प्रधानजींच्या पायांखालची जमीन सरकली. महाराज दिवसभर शिकारीला गेल्याचे पाहून त्यांनी सुताराकडून सिंहासनाला पूर्वीच्या उंचीचे नवे पाय बसवून घेतले. महाराज परतले, बसले, आणि त्यांचे पाय अधांतरी लोंबू लागले.

“मी आखूड झालो!” महाराज किंचाळले.

प्रधानजी लगबगीने पुढे झाले. “महाराज, या सुताराने सिंहासनाशी खेळ केलाय. अंगठा छाटा त्याचा!”

शिपायांनी सुताराचा हात ओंडक्यावर दाबून धरला. तेवढ्यात त्याची बायको फडके छातीशी धरून गर्दीतून घुसली. “अहो, तोंड उघडा की! एरवी माझ्याशी भांडताना बरी जीभ चालते!” असे म्हणत तिने फडके सोडले. बारा चकत्या घरंगळल्या. बाराहींवर प्रधानजींची मुद्रा.

महाराजांनी एक चकती उचलली. “म्हणजे मी वाढलो नव्हतो?”

वैद्यराजांना खोकल्याची उबळ आली. अखेर सुतार म्हणाला, “महाराज, मला लाकडाचं माप कळतं. माणसाचं नाही.”

“माझा ठोकळा कुठे आहे?”

“आपण जाळलात.”

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिले. “वाका.”

प्रधानजी सिंहासनापुढे, चौथऱ्याला लागून खाली, हातापायांवर ओणवे झाले. सुताराने दोरी लावली. महाराजांच्या पावलांपासून पाठ तीन बोटे कमी भरली. त्याने प्रधानजींच्या दोन्ही तळव्यांखाली आणि दोन्ही गुडघ्यांखाली तीन-तीन चकत्या रचल्या. माप तंतोतंत जुळले. सिंहासनाच्या लाकडाचा आधार प्रधानजींना अशा रीतीने लाभला.

“छान!” महाराज पाय ठेवत म्हणाले. “सुतारा, तुझा अंगठा तूर्त ठेव. पण मापाच्या दिवशी ही पाठ केसभर जरी खचलेली दिसली, तर तो माझा.”

तेव्हापासून सुतार रोज पहाटे तेलाची वाटी घेऊन प्रधानजींकडे जातो, त्यांची पाठ चोळतो, गुडघ्यांना पट्ट्या बांधतो. बायको दूध पाठवते आणि वर टोमणाही. “इतक्या वर्षांत माझी पाठ कधी चोळली नाहीत ती!”

परवा चोळून घेता घेता प्रधानजींनी मान वळवली. डोळ्यांत जुनी चमक होती.

“सुतारदादा, वर्षाला सिंहासन बोटभर काप आणि माझ्याखालचाही एकेक थर काढत जा. पाय खाली गेले की महाराजांना वाटेल, आपण पुन्हा वाढतोय. कुणाला कळणार नाही.”

सुताराने उजवा अंगठा तेलात बुडवला, मणक्याजवळची सर्वांत दुखरी जागा शोधली आणि सगळा भार देऊन तिथे दाबला.