होय, नाही आणि अर्धा

माधव सर गेल्याची बातमी माझ्याच एका मेसेजखाली आली. मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे हिंगोलीकडच्या पुसेगावच्या आसपासच्या दहा-बारा सरकारी शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. दिवाळीची सुट्टी संपत आली होती आणि सकाळी उठल्या उठल्या मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'हंगामी वसतिगृहाच्या याद्या आजच सादर कराव्यात.' त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'माधव सर पहाटे वारले. अटॅक.' आणि त्याच्याही खाली, माझ्या मेसेजला उत्तर म्हणून, 'होय सर', 'ओके सर', 'होय सर' असं येत राहिलं. आपला मेसेज पुसून टाकावा असं वाटलं. पण पुसला तरी पुसल्याची खूण राहतेच... ती त्या बातमीच्या डोक्यावर नको वाटली. राहू दिला.

आम्ही दोघांनी एकाच शाळेत अकरा वर्षं शिकवलं. ते माझ्याहून आठेक वर्षांनी मोठे. बाकी आम्ही सगळे हिंगोलीहून अप-डाउन करणारे. ते मात्र गावातच घर करून राहिलेले. मोटारसायकल शाळेच्या फाटकात शिरली की त्यांची हाक यायची, "आलं बा हिंगोलीचं पाव्हणं! च्या ठेवा." आवाज असा, की चौथीला पाढे सांगितले तर दुसरी पाठ करायची. खिचडीचा पहिला घास तेच खायचे. मुलांआधी शिक्षकाने चव घ्यायची असा नियमच आहे, पण ते वाटीभर खायचे आणि वर म्हणायचे, "चव पक्की कळली पायजे ना." एक गोष्ट मात्र त्यांना कधीच जमली नाही. फॉर्मच्या चौकटीत मावेल असं लिहिणं. अक्षर बाहेर यायचं, मजकूर बाहेर यायचा. मी केंद्रप्रमुख झालो तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. "आता आपला मानूस टेबलाच्या पल्याड बसला," असं ते गावभर सांगत फिरले.

आपला माणूस. हा शब्द अलीकडे मला नीट ऐकवत नाही.

आमच्या भागातली पुष्कळ माणसं दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. लेकरंही बरोबर जायची आणि शाळेतले वर्ग अर्धे व्हायचे. म्हणून सरकार हंगामी वसतिगृहासाठी निधी देतं. नाव वसतिगृह असलं तरी इमारत नसते. मुलं गावातच आजी-मावशीकडे झोपतात, दोन वेळचं जेवण शाळेत, आणि आईबाप येईपर्यंत शाळा सुटत नाही. कोणाला त्यात घ्यायचं याची यादी शाळा करते आणि केंद्रप्रमुख ती तपासतो. सहा-सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा माधव सरांची यादी तपासायला बसलो. यादीत एक रकाना होता, 'पालक स्थलांतरित आहेत काय? होय / नाही'. सरांनी बहुतेकांपुढे 'होय' लिहिलं होतं. तीन मुलांपुढे लिहिलं होतं, 'अर्धा'.

"हे काय सर?"

"अर्धा कोयता," ते म्हणाले, जणू मला माहीत नसावं याचंच त्यांना नवल वाटलं.

मला माहीत होतं. तोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटाच माणूस गेला तर अर्धा. म्हणजे या तिघांचे बाप तेवढे तोडीला जाणारे, आया घरी राहणाऱ्या. मी म्हणालो, "आई घरी आहे म्हणजे लेकरू एकटं नाही. उद्या वरून तपासणी आली तर माझ्या गळ्याशी येईल." त्यांनी सहावीतल्या संगीताच्या नावावर बोट ठेवलं. "हिच्या मायचं ऑपरेशन झालंय, तिला उठवत न्हाई. हिचा बाप अजून गेला न्हाई, परवा जाणार. पोरगीला हिथं दोन टाइम जेवण हाय म्हनलं तर तो तिला ठिवतो. न्हाई तर..." मी म्हणालो, "सर, रकान्यात होय किंवा नाही, दोनच आहेत." ते हसले. "रकाना करनारा तोडीला गेला न्हाई कधी."

मी तीन नावांवर रेघ मारली. सरळ, पट्टी धरून. अशा रेघेची मला सवय आहे.

ते एवढंच म्हणाले, "बराबर हाय साहेब. तुमचं बी बराबर हाय." त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

त्या 'न्हाई तर' पुढे काय होतं, ते मी विचारलं नाही. दोन दिवसांनी संगीताचा बाप तिला घेऊन गेला. अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम कमी विचारतो, म्हणून पोरीने उरलेला अर्धा भरायचा. बापाने तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या, स्वयंपाक करायचा. चैत्रात ती परत आली तेव्हा मी योगायोगाने शाळेत होतो. हाताला उसाच्या पाचटाचे चरे होते. सरांनी तिला फळ्यावर भागाकार घातला, तिने खडू धरला, मांडणी तेवढी पुन्हा उतरवली आणि खडू परत ठेवला. पुढल्या वर्षी ती पुन्हा गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन गेली. शाळेत शिकायच्या वयात. आता ती कुणाच्या तरी कोयत्यातली अर्धी आहे.

ती पहिल्यांदा गेली त्याच महिन्यात गावच्या शाळा समितीत यावरून आवाज चढले. "पोरीचं नाव कुणी काटलं?" एका आजीने उभं राहून विचारलं. मी खुर्चीत होतो. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "माझंच लिव्हायचं चुकलं. उलटसुलट लिव्हून बसलो." आणि मी गप्प राहिलो. त्यांनी मला का वाचवलं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही. आपला माणूस म्हणून? पुढल्या यादीवर माझीच सही लागणार होती म्हणून? की माझ्याकडून त्यांना काही अपेक्षाच उरली नव्हती? त्यानंतरही ते मला चहा पाजत, चेष्टा करत. पण 'साहेब' राहिलं ते राहिलंच.

ते गेल्यावर मी ते जुनं परिपत्रक काढून पुन्हा वाचलं. 'ज्यांचे पालक स्थलांतरित झाले आहेत अशी मुले.' पालक म्हणजे दोघंही, की एकसुद्धा? आपल्या भाषेत एकाला पालक म्हणतात आणि दोघांनाही. 'झाले आहेत' म्हटलं तर ते अनेकवचन, नाहीतर एकट्या बापाला दिलेला मान. व्याकरण शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि मला ठरवता येत नाही. दोघंही धरले तर मी नियमाने वागलो. एक धरला तर संगीता त्या यादीत बसत होती आणि मी... कधी एक वाचतो, कधी दुसरं.

तेराव्याला जमलं नाही. खरं म्हणजे गेलो नाही. पंधरवड्याने संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. "या भाऊजी. यादी तपासायला आलात का?" त्या म्हणाल्या. एवढ्यात दोन मुली दारातून आत आल्या. कुणाला न विचारता त्यांनी रांजणाजवळ हात धुतले, कोनाड्यातल्या ताटल्या घेतल्या आणि ओसरीत भिंतीला टेकून बसल्या.

"ह्या कोण?"

"तुमच्या यादीत न बसनाऱ्या," वहिनी म्हणाल्या. "संगी गेली त्या सालापासून दरसाल असतेत. कधी दोन, कधी चार. तुमची यादी तिथं, आमची हिथं. ह्यांनी तुमाला सांगायचं न्हाई म्हनून बजावलं व्हतं."

"काहून?" 'का' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून सरांसारखंच निघालं.

"मला काय म्हाईत? म्हनायचे, त्याला तकलीफ व्हईल." तवा उतरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्या म्हनलं, व्हऊ द्या की."

मग त्यांनी तिसरी ताटली काढली आणि त्या मुलींच्या शेजारी ठेवली. मी बसलो. भाकरी, पिठलं, कच्चा कांदा. भिंतीवर, बसलेल्या पोराच्या डोक्याच्या उंचीवर, तेलकट डागांचा एक पट्टा उमटलेला होता. इतक्या वर्षांत तिथं टेकलेल्या डोक्यांचा. माझं डोकं त्याच्या बरंच वर येत होतं. धाकटी मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. घास गिळून तिने अगदी सहज विचारलं, "तुमच्या घरचं कोन गेलंय कारखान्याला?"

मोठीने तिला कोपराने ढोसलं. वहिनी भाकरी शेकत राहिल्या. मी ताटलीत बघत म्हणालो, "न्हाई बाळा, माझ्या घरचं कुणी गेलं न्हाई."

"मंग तुमी हिथं काहून जेवून राहिले?" ती म्हणाली.