हूं कधी थांबलं

इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा मला तमिळ येत नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये काही विनोद झाला की मी इतरांचं बघून हसायचो, जरा उशिराच. नुंगंबाक्कमच्या खोलीवर परतायचं, दार लावायचं, संपला दिवस. फार एकटं वाटायचं.

म्हणून मराठी मंडळाचं नाटक बसतंय हे कळल्यावर माझा जीव टांगणीला लागला. भूमिका मिळाली तर दर शनिवारी चार माणसं तरी भेटणार होती. कॉलेजात एकांकिका गाजवलेल्या, त्यामुळे ऐटही होतीच.

नाटक बसवणारे सर तंजावरी मराठी घरातले. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं आणि सणावारी देवळात कीर्तन केलेलं. निवडीच्या दिवशी मी स्वगत घोकून गेलो होतो. ते म्हणाले, "तें राहूं दे पा. गोष्ट सांग. मी हूं म्हणतों."

त्यांच्या घरची रीतच ती. ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं, मगच सांगणाऱ्याने पुढे जायचं.

लहानपणी मी विहिरीत पडलो होतो, ते रंगवून सांगितलं. आवाज चढवला, हुंदका काढला, समोरच्या भिंतीकडे बघत थरथरलोसुद्धा.

"बरं आहे," सर म्हणाले. "मी हूं म्हणायचं कधीं सोडलों, कळलं कां?"

नव्हतं कळलं.

"विहीर यायच्या आधींच. मग तू एकटाच पडलास पा तींत. नट म्हणजे आधीं गोष्ट सांगणारा. पुढच्या शनिवारीं दुसरी घेऊन ये."

मला भयंकर राग आला. नाटकं मी केलेली आणि शिकवतायत हे कीर्तनकार!

रविवारी नेहमीप्रमाणे आईला फोन केला. नेहमीचंच सुरू केलं: काम मस्त, मित्र भरपूर, जेवण झकास. बोलता बोलता लक्षात आलं, पलीकडून हूं येत नाहीये. किती रविवार येत नव्हतं, देव जाणे.

"आई, आहेस ना?"

"आहे रे. बोल."

मग म्हटलं, "आई, बसमध्ये सगळे हसतात ना, तेव्हा मीपण हसतो. कशाला हसतात ते कळत नाही."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"हूं," आई म्हणाली. "मग?"