पोच घेणाऱ्या बाई

नवी पेठेतल्या बँकेत त्या माझ्या पुढे होत्या. पन्नाशीच्या, चादरीच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या. मिक्सर घेताना दुकानात त्यांचं क्रेडिट कार्ड दोनदा स्वाइप झालं होतं आणि बिलात किंमत दोनदा लागली होती.

"मावशी, मुलाला घेऊन या, त्याला समजावतो," काउंटरवरचे साहेब म्हणाले.

बाईंनी पिशवीतून पावती, बिल आणि सुवाच्य अक्षरातला अर्ज काढला.

"कार्ड माजं हाय, सही माजी हाय. दर महिन्याला पुरं बिल तारखेआधी मीच भरते की. मग लेकाला कशाला?"

साहेबांनी तक्रार नोंदवली. तरी बाई काउंटरवरून हलेनात.

"शिक्का मारून पोच द्या."

मी पदवीधर. न मागितलेल्या विम्याचे पैसे माझ्या कार्डावर वर्षभर लागत होते आणि मी ते भरत होतो. पोच घेऊन त्या निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवून अर्ज कसा लिहायचा ते विचारलं. बाकावर बसून त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.

महिन्याभरात माझे पैसे परत आले. त्या पुन्हा भेटल्या नाहीत. पण आपले पैसे मिळेपर्यंत त्या गप्प बसल्या नसणार, हे मी आजही खात्रीने सांगतो.