भरल्या गाडीचा फोटो

करमाळ्याच्या एसटी स्टँडवर मी आणि माझी लेक सई पनवेलच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा माझे वडील, अण्णा, माझ्याशी बोलत नव्हते. ट्रंक मात्र त्यांनीच बांधली होती. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस तो. लेकीवर राग धरेल, पण सैल बांधलेलं ओझं त्याला बघवणार नाही. गुडघा देऊन त्यांनी अशी गाठ मारली की पनवेलला आल्यावर मला ती सुरीनं कापावी लागली. आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि मधूनच सईच्या हातात राजगिऱ्याचे लाडू कोंबत होती. अण्णा एकदाच बोलले, तेही सईकडे बघून. "आईला सांग तुझ्या, घराचं दार उघडं हाय."

मला त्या दाराचाच धसका होता. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले तेव्हापासून ते इतकं उघडं होतं की गल्लीतलं कुणीही आत येऊन विचारायचं, "मग? पुढं काय ठरलं?" माझा भाऊ रवी चांगला आहे, वहिनीही वाईट नाही. पण चांगल्या माणसांच्या घरात आश्रित म्हणून राहणं फार अवघड, बायांनो. भांडायचीही सोय नसते. तुमच्यातल्या ज्या माहेरी राहिल्या त्यांना हे ठाऊक आहे, आणि ज्या माझ्यासारख्या निघाल्या त्या याच्याचसाठी निघाल्या. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या कामावर, नोकरी मिळाली, तशी मी उठले आणि चालू पडले.

पनवेलजवळ सुकापूरला वन बीएचके भाड्यानं घेतलं. करमाळ्यात सकाळी दळणाच्या डब्यावरून वहिनीशी बोलणं व्हायचं. इथं सकाळी सईचा टिफिन, माझी कंपनीची बस आणि शेजारच्या शेखचाचींकडे किल्ली. चाची म्हणतात, "तू बेफिकीर जा, बच्ची मेरे पास है." सुरुवातीला मी रोज रात्री रडायचे. मग रडायला वेळ मिळेना.

फोटोंचं वेड कामातूनच लागलं. गोदामातून गाडी सोडताना कंटेनरच्या सीलचा मोबाइलवर फोटो काढावा लागतो. एकदा त्या फोटोत सीलच्या मागं एक ड्रायव्हर आला. बॉनेटवर ओला शर्ट वाळत घातलेला, आणि हा बनियनवर बसून कांदा कापतोय. साहेब म्हणाले, पुन्हा काढा, माणूस नको. मी पुन्हा काढला, पण पहिला पुसला नाही. तसेच तर अण्णा बसत असतील की रस्त्याकडेला! आम्ही पोरांनी त्यांना कधी कामावर पाहिलंच नव्हतं. ते घरी यायचे ते दाढी करून, आंघोळ उरकून. मग मी खारघरच्या एका कॉलेजच्या मुलीकडून जुना कॅमेरा घेतला आणि रविवारी बाहेर पडायला लागले. कळंबोलीला लोखंडाची भेंडोळी चढवणारे हमाल, गव्हाण फाट्याला ट्रेलरांच्या रांगेत किटली घेऊन फिरणारा चहावाला, अशांचे फोटो. लोक सूर्यास्ताचे काढतात, त्यांनी खुशाल काढावेत.

दत्तूदादा भेटले ते असेच. हे उरणकडचे आगरी, अवजड माल हलवणाऱ्या टोळीचे मुकादम. बंदरावर उतरलेले ट्रान्सफॉर्मर, बॉयलर असलं धूड लांबलचक ट्रेलरवर घालून ही माणसं मुंगीच्या चालीनं हायवेपर्यंत नेतात. पहिल्या दिवशी मी कॅमेरा वर केला आणि एक माणूस धावत येऊन लेन्सवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, काय उद्धट लोक आहेत! दत्तूदादा म्हणाले, "ताय, भरल्या गारीचा फोटो नारल फोरल्यावर. आदी नाय. नजर लागते." मी ड्रायव्हरची मुलगी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. अण्णांनी गाडी निघताना आम्हाला कधी दारात उभं राहू दिलं असेल तर शपथ. त्यानंतर मी नियम पाळला. नारळ फुटेपर्यंत कॅमेरा गळ्यात. हळूहळू दादाच फोन करायला लागले, "रविवारी गारी हाय, येतास ना?"

पण ट्रकवाल्यांच्या लाइनीवरची बातमी वाऱ्यापेक्षा जोरात पळते. करमाळ्याच्या कुठल्याशा ड्रायव्हरनं मला ट्रेलरांच्या घोळक्यात पाहिलं आणि ते गावात जाऊन सांगितलं. चार दिवसांत अण्णा सुकापूरच्या दारात हजर. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "सामान बांध. रवीनं मागची खोली चुना मारून ठेवलीया. सईच्या शाळेचंही बोललोय."

"का पण?"

"बाईमाणसानं त्या ट्रकवाल्यांत काय करायचं? मी जल्म काढलाय तिथं. कसली माणसं असत्यात मला म्हाईत हाय."

माझं डोकंच सटकलं. "कसली असतात, अण्णा? तुमच्यासारखीच ना?"

अण्णा त्या रात्री जेवलेही नाहीत धड. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावासा वाटला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की यावेळी ट्रंक बांधली जाणार नाही. पण नुसतं ठरवून काय होतंय? अण्णांनी 'जाऊ नको' म्हटलं आणि मी ऐकलं नाही, असं आयुष्यात एकदाच, पनवेलला येताना, घडलं होतं, आणि त्यानंतर ते वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. या खेपेला ते कायमचंच तुटेल, अशी मला धास्ती होती. नोकरी गेली तर दुसरी बघता येते. बाप कुठून आणू?

रविवारी दादांचा फोन आला. मी अण्णांना म्हटलं, "आधी चला माझ्याबरोबर. मग काय ते बोला."

उरण रस्त्यावर ट्रान्सफॉर्मर उभा होता, दुमजली घराएवढा. अण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली. कितीही रुसले तरी ओझं बघितलं की त्यांचे डोळे दोरखंडांकडेच जाणार. मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि ते ओरडलेच, "खाली कर ते! नारळ फुटायचाय अजून!"

टोळीतली सगळी माणसं हसली. दादा म्हणाले, "बाबा, तायला ठाव हाय. तुमी ड्रायवर व्हता ना? मंग तुमीच फोरा." त्यांनी नारळ अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी टोपी सारखी केली, चाकापुढं वाकले आणि एका फटक्यात नारळ फोडला.

गाडी हलायच्या आधी या टोळीची एक रीत आहे. दादा मध्ये उभे राहून एकेकाला नावानं हाक मारतात. चाकापाशी कुणी वाकलेला असतो, कुणी विजेच्या तारा उचलायला बांबू घेऊन पुढं गेलेला असतो, कुणी मालाच्या वर चढलेला असतो. ड्रायव्हरला यातलं कुणीच दिसत नाही. ज्यानं त्यानं असेल तिथून ओरडून 'हाय' म्हणायचं. एकाचा जरी आवाज आला नाही तर ब्रेक सुटत नाही.

"जनार्दन?"

"हाय!"

"इरफान?"

"हाय!"

"रामसिंग?"

"हाय जी!"

"ताय?"

मी दुभाजकावर चढून फ्रेम लावत होते. माझा आवाज ट्रकांच्या हॉर्नमध्ये बुडाला असावा. दादांनी हात वर करून ड्रायव्हरला थांबवलं आणि पुन्हा हाक मारली. "ताय कुठं हाय? बगा रे! तायचा आवाज नाय आला!" बांबूवाला इरफान धावत मागं आला. ते अख्खं धूड, त्यामागं साचलेली वाहनांची रांग, सगळं माझ्यासाठी खोळंबलं.

"हाय!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

मग गाडी हलली. मी घाईत बटण दाबलं, त्यामुळे तो फोटो हललेलाच आला. अण्णा कुठं आहेत म्हणून वळून पाहिलं, तर ते रस्त्याकडेला टोपी हातात घेऊन उभे होते आणि ट्रेलरकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

नंतर आम्ही टपरीवर चहा घेतला. अण्णांनी बशीत ओतलेला चहा तसाच निवत होता. मी वाट बघत होते, आता 'सामान बांध' म्हणणार. तेवढ्यात अण्णांना रवीचा फोन आला. कधी निघताय, खोलीत पंखा लावून घेऊ का, असं काहीतरी तो विचारत होता.

"मी उद्या निघतो," अण्णा म्हणाले. "एकटाच. आन् त्या मागच्या खोलीत ज्वारीची पोती टाक. व्हरांड्यात उंदरं लागल्यात."

मला हवं तेच झालं होतं, आणि तरी ते मला बोचलं. खोटं कशाला सांगू? इतके दिवस 'मी जात नाही' म्हणताना मागं ती खोली होती. आता नव्हती. करमाळ्याला राहिलेल्यांनो, रागावू नका, पण मला विचाराल तर जिथं माझा आवाज आला नाही म्हणून गाडी थांबते ते माझं घर. सुकापूरच्या भाड्याच्या जागेत ते असेल, नाहीतर या उरण रस्त्यावर असेल. मी इथंच राहणार. पण त्या क्षणी मला लहान पोरीसारखं रडू आलं.

"दिवाळीला आले तर झोपू कुठं मग?" मी विचारलं.

अण्णांनी गार झालेली बशी तोंडाला लावली. "माज्या खाटंवर. म्या निजतो खाली."