महागाचं मशीन आणि आईचं गाठोडं

वॉशिंग मशीनला घाबरणारा माणूस मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. आता रोज दाढी करताना पाहतो.

आम्ही गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे दोन टबांचं जुनं मशीन होतं. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं आणि मधल्या वेळात बाल्कनीभर पाणी करायचं. (खालच्या मजल्यावरच्यांच्या कुंड्या तीन उन्हाळे आम्हीच जगवल्या.) ते काही बिघडलं नव्हतं. पण मला समोरून उघडणारं, गोल काचेचं, महागातलं मशीन हवं होतं. मेधा, म्हणजे बायको, म्हणाली, "अरे, साधं घेऊ या ना. कपडे काय, दोन्हीत धुतलेच जातात."

दुकानातल्या सेल्समनने मात्र मला पुरता घोळात घेतला. "सर, दरवाज़ा ऐसा लॉक होता है, बच्चा क्या, पहलवान भी नहीं खोल सकता!" मी मान डोलावली. "लाइट चली जाए, तो भी मशीन भूलती नहीं! जहाँ रुकी थी, वहीं से शुरू!" मी आणखी डोलावली. "और सर, इसमें अपना दिमाग है!" घरात कुणाला तरी असलेलं बरं, असा भाव मेधाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. मी कार्ड काढलं.

मशीन आलं आणि पाठोपाठ पुण्याहून आई आली. यंदा गौरी आमच्याकडे बसायच्या होत्या. खरं तर एक वर्ष दादाकडे, एक वर्ष आमच्याकडे, अशी पाळी ठरलेली. पण मुखवटे दिल्लीपर्यंत न्यायचे कसे, म्हणून आमचंही वर्ष दरवेळी दादाकडेच जायचं. यंदा मी हट्टच धरला. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, पणजीबाईंच्या वेळचे मुखवटे आहेत. जसे नेताय तसे परत आणा म्हणजे झालं." त्यावर मी मोठ्याने हसलो होतो.

आईने आल्या आल्या मशीनची पाहणी केली.

"याचं झाकण कुठाय?"

"समोरून उघडतं, आई."

"आणि मध्येच एखादा रुमाल टाकायचा राहिला तर?"

"राहायचा नाही."

"तुझ्या हातून? राहणारच! जुन्याचं झाकण उचललं की हात घालता यायचा. याने एकदा तोंड मिटलं की बसा बघत."

हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, मेधा स्वयंपाकघरात करंज्या तळत होती आणि आई अंघोळीला गेली होती. मी ठरवलं, ती बाहेर येईपर्यंत तिचे प्रवासातले कपडे मशीनला लावून टाकायचे. लख्ख झालेली लुगडी हातात पडली की बोलती बंद! कोपऱ्यात जुन्या चादरीत बांधलेलं मळक्या लुगड्यांचं गाठोडं होतं. उचललं तर चांगलंच जड. पण आईच्या सामानात हलकं असं मी जन्मात काही उचललेलं नाही. (मागच्या खेपेला पिशवीतून वरवंटा निघाला होता.) मी गाठ सोडली, लुगड्यांची वळकटी होती तशी आत लोटली, दार लावलं आणि यादीतला सगळ्यात कडक, गरम पाण्याचा प्रोग्रॅम सुरू केला. दाराने खट्ट आवाज केला. त्या वेळी तो मला फार गोड वाटला.

थोड्या वेळाने आवाज बदलला. धाड्. मग थांबून पुन्हा धाड्! सेल्समन म्हणाला होता, "चल रही है कि बंद है, पता ही नहीं चलेगा." मला तर जमिनीतून पत्ता लागत होता.

एवढ्यात इरा, आमची दुसरीतली मुलगी, बाल्कनीतून धावत आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा! मशीनमध्ये कोई आंटी आहे!"

"काहीतरीच काय! कार्टून बंद कर बघू."

"बाबा, सच्ची! तिने मला बघितलं!"

मी हसत हसत बाल्कनीत गेलो, काचेपुढे वाकलो आणि माझं हसू जागीच गोठलं. आत फेस होता, फेसात हिरवं लुगडं होतं आणि लुगड्यातून एक बाई माझ्याकडे रोखून बघत होती. कपाळाला कुंकू, हनुवटीला साबण. ती वर गेली, उलटी झाली, खाली आपटली, धाड्!, आणि फिरून पुन्हा माझ्यासमोर आली.

गौरी! आमच्या घरची गौरी! पणजीबाईंनी जपलेली, आजीने चिंचेने घासलेली, आईने वर्षानुवर्षं साडी नेसवलेली गौरी मी गरम पाण्यात लावली होती!  एक मुखवटा दिसत होता. दुसरा कुठे होता?

मी थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. दार ओढलं. पुन्हा ओढलं. मग एक पाय मशीनला लावून ओढलं. पहलवानाबद्दल सेल्समन खरंच बोलला होता!

"मेधा! लवकर ये! गौरी आल्या!"

"आज कशा येतील? उद्या आहेत ना?" ती झारा घेऊन आली, तिने काचेतून पाहिलं आणि झारा हातातून गळून पडला. "अरे देवा... शिरीष, हे काय केलंस तू? आई कुठायत?"

"अंघोळीला."

"त्यांना तिथेच ठेव!"

मी धावत बाथरूमच्या दारापाशी गेलो. "आई, गीझर चालू आहे हं! अगदी सावकाश होऊ दे!"

आतून आवाज आला, "काय मोडलंस?"

मी परत पळालो आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं. मशीन थांबलं. सगळं शांत. थांबताना गौर नेमकी काचेला टेकून, आमच्याकडे तोंड करून थांबली. मेधाने हात जोडले. इरा तिच्यामागे लपली. दार तरीही उघडेना! आत पाणी तसंच भरलेलं होतं. घाबरून मी पुन्हा बटण चालू केलं, आणि मशीन काही न विसरता जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. धाड्!

मग कंपनीला फोन. आधी सतार वाजली. मग एक मुलगी आली, आवाजात मध.

"बताइए सर, क्या परेशानी है?"

"मैडम, दरवाज़ा खोलना है, अभी, तुरंत! अंदर देवी हैं!"

पलीकडून टकटक टाइप केल्याचा आवाज आला.

"सर, कॉटन है या सिंथेटिक?"

"पीतल!"

"सर, आप प्लीज़ साइकल पूरी होने दीजिए." आणि या संवादाला मी किती तारे देईन, असंही तिने विचारलं.

फोन ठेवून वळलो तर मागे आई उभी. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. तिची नजर माझ्यावर नव्हती, काचेवर होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टूल ओढून मशीनसमोर बसली आणि हात जोडले. माझी आई अशी गप्प बसलेली मी बाबा गेले तेव्हा पाहिली होती. 

"आई, मला वाटलं नुसती लुगडी आहेत गं..."

"वाटायलाच हवं होतं. गाडीत चोर असतात. मळक्या लुगड्यांना कोण हात लावतो, म्हणून त्यात बांधून आणले. अख्ख्या गाडीत कुणाला पत्ता लागला नाही." तिने केसांचा पंचा पुन्हा घट्ट बांधला. "घरात चोरापेक्षा हुशार माणूस बसलाय, हे माझ्या ध्यानात आलं नाही."

"होईल गं नीट."

"सुनंदाला काय तोंड दाखवू मी?" सुनंदा म्हणजे वहिनी. "आता काय करणार हे मशीन?"

मी पडद्याकडे पाहिलं. सांगू नये असं वाटत होतं.

"आता... पिळणार."

"कुणाला?"

 पाणी गुडगुडत निघून गेलं आणि ड्रम फिरू लागला. आधी हळू, मग जोरात. गौर वर, गौर खाली, मग नुसतीच पिवळी रेघ! मशीन बाल्कनीत थडथडत पुढे सरकू लागलं. मी त्याला पुढून मिठी मारली, मेधाने बाजूने धरलं, इराने माझा शर्ट धरला आणि आई मोठ्याने आरती म्हणू लागली. (आरती गणपतीची होती. त्या घटकेला जी आठवली ती.) आता एक तर काच फुटणार, नाही तर पणजीबाईंचा ठेवा चेपून त्याची वाटी होणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. मी डोळे घट्ट मिटले.

आणि मशीन थांबलं.

थोडा विचार केल्यासारखं केलं, पुन्हा फिरून पाहिलं, पुन्हा थांबलं. असं दोनतीनदा झालं. मग त्याने दोन बारीक शिट्ट्या मारल्या, आतला भार एकीकडे झालाय, मी पिळणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी पडद्यावर दाखवलं आणि खट्ट करून दार सोडलं.

आईने दोन्ही मुखवटे पदरात घेतले. धाकटी अजून लुगड्याच्या घड्यांतच होती. थोरलीच्या गालावरून, नाकावरून आईने किती तरी वेळ बोट फिरवलं. "पोचा नाही," ती म्हणाली. पुन्हा फिरवलं. "कुठेच नाही." मग ती रडायला लागली. मी तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारली आणि मीही रडलो. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

नुकसान एकच झालं. थोरलीचे रंगवलेले डोळे धुऊन गेले होते. ते आईने संध्याकाळी इराच्या रंगांनी पुन्हा काढले. ब्रशही इराचाच, जाडा होता, त्यामुळे नजर किंचित तिरकी आली. दुसऱ्या दिवशी गौर बसली ती थेट बाल्कनीच्या दाराकडे बघत. मी जाता-येता खाली मान घालून जात होतो.

हळदीकुंकवाला सोसायटीतल्या मराठी बायका आल्या. "काय तेज आहे हो मुखवट्यांना! कशाने घासता?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी चहा बघायला आत पळालो.

आतून मला ऐकू येत होतं. आमच्याच मजल्यावरच्या कुलकर्णीबाई विचारत होत्या, "काकू, आम्हालाही मशीन घ्यायचंय. हे एवढं महागाचं घेण्यात काही अर्थ आहे का? की आपलं साधंच बरं?"

मी कान टवकारले. जुन्या मशीनची बाजू घेऊन तिने मला भर सभेत धुऊन काढण्याची हीच वेळ होती.

"ते घरातल्या माणसांवर आहे," आई शांतपणे म्हणाली. "माणसं शहाणी असतील तर साधं पुरतं. आमच्या शिरीषसारखं कुणी असेल, तर सगळ्यात महागाचं घ्या. घरात एकाला तरी कुठे थांबायचं ते कळायला हवं."