शेजारची चिठ्ठी

संस्थेत तिला सगळे चिकटबाई म्हणायचे. हे नाव दिलं होतं तिच्या धाकट्या भावाने, तेही तोंडावर. "ताई, तू माणसंसुद्धा डिंक लावून धरतेस," असं म्हणून तो हसायचा. त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. नाव मात्र सुटलं नव्हतं, आणि तिनेही ते सुटू दिलं नव्हतं.

तिचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत. भिंतीला लोखंडी कपाटं, कपाटांत सुकवलेली झाडं. डोंगरातून वर्तमानपत्रांत दाबून आणलेली फांदी जाड पांढऱ्या कागदावर मांडायची, डिंकाने चिकटवायची, जाड काडी असेल तर सुईदोऱ्याने शिवून गाठ मागच्या बाजूला मारायची. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: कुठे सापडलं, किती उंचीवर, कुणी आणलं. काटेरी झाडं आली की बाकीच्या दोघी बायकांना एकदम दुसरी कामं आठवायची. मग चिकटबाई अंगठ्यात पितळेचं टोपण घालून बसायची. तिच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की गरम कप ती दोन बोटांत धरून उभी राही.

त्या वर्षी नव्या मॅडम डोंगरातल्या काटेरी झुडपांवर ग्रंथ लिहीत होत्या. लिहिलेलं मोठ्याने वाचायची त्यांना सवय. एका सकाळी त्या तिच्या टेबलाशेजारी बसून वाचू लागल्या: "झुडूप, उंची दीड ते दोन मीटर. फांद्या नागमोडी. प्रत्येक पेरावर काट्यांची जोडी, एक सरळ, एक आकड्यासारखा वळलेला. पान जाड, चामड्यासारखं, खालून तपकिरी लव. फूल लहान, पिवळट पांढरं. फळ पाहिलेलं नाही. आढळ, फक्त काळ्या कड्यावर."

चिकटबाईच्या हातातली सुई थांबली. या झाडाचा अख्ख्या कपाटात एकच कागद होता आणि तो तिनेच शिवला होता. दर महिन्याला ती कपाट पुसायची, पण तो कागद एकवीस वर्षांत तिने एकदाही बाहेर काढला नव्हता.

कारण त्या 'पाहिलेलं नाही'च्या पायीच धाकटा गेला.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती अठराची. शिंप्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत तिने त्याला वाढवलं. स्थळं आली तशी परत गेली, कारण प्रत्येक वेळी तिचा पहिला प्रश्न असायचा, धाकटा कुठे राहील? तो सायकली दुरुस्त करू लागला, नाही जमलं. तेव्हा तिने त्या वेळच्या मोठ्या साहेबांच्या हातापाया पडून त्याला डोंगरातून झाडं आणण्याच्या कामावर लावलं. पोराला ते काम असं मानवलं की पायाला भिंगरी लागली. झाडं गोळा करणारा जुना माणूस वारला होता, त्याची जागा याने घेतली. तीन वर्षांनी साहेबांना या झाडाचं फळ हवं झालं. फळाशिवाय वर्णन लंगडं, असं ते म्हणत. धाकटा काळ्या कड्यावर दोनदा जाऊन आला. दुसऱ्यांदा सदरा फाटून आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"ताई, तिथे ते झाड नाहीच. त्या दगडावर खुरट्या काट्यांशिवाय काही उभं राहत नाही, हे झाड काय राहील?"

"चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे आहे," ती म्हणाली होती. "तुला कंटाळा आलाय. नीट बघून ये."

तिसऱ्यांदा तो नीट बघायला गेला. चार दिवसांनी त्याला खाली आणलं तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कोरडी वर्तमानपत्रं होती, घडीसुद्धा न मोडलेली.

आता मॅडमनी तोच कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि भिंग लावलं. बराच वेळ बघून त्या पुटपुटल्या, हे काहीतरी विचित्रच आहे. पानाखालच्या लवेत पांढरी भुकटी अडकली होती. चुन्याची माती. काळा कडा तर नावाप्रमाणे काळा, तिथे चुना कुठून येणार? चुनखडीचे खड्डे होते ते खिंडीजवळ, दुसऱ्या टोकाला. मग त्याच म्हणाल्या की खोलीतलीच धूळ असेल, भिंतीचा रंग पडला असेल, आणि उठून गेल्या.

चिकटबाई मात्र त्या भुकटीकडे बघत राहिली. भिंतीचा रंग पिवळा होता.

तेवढ्यात लंबू आला. झाडं गोळा करायला सध्या तोच जायचा. दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच. फळांचा मोसम सुरू झाला होता आणि सोमवारी तो काळ्या कड्यावर निघणार होता. झाडाचा चेहरा पाठ करून घ्यायला तो कागदावर वाकला. नवा दोर घेतलाय, म्हणाला. "घरी दोन पोरी आणि त्यांची आई, तिघी एकदम ओरडतात हो. कड्यावर तेवढीच शांतता." ती हसली नाही तेव्हा त्याला आपली जीभ कुठे घसरली ते कळलं आणि तो कानाची पाळी धरून निघून गेला.

त्या संध्याकाळी घरी तिने दिवा लावला, पण चूल पेटवली नाही. चोवीस वर्षांपूर्वीचा एक दिवस ती धाग्यासारखा ओढत बसली. धाकट्याला साहेबांनी कामाबद्दल दुपारी बोलावलं होतं. त्याच्या सदऱ्याची गुंडी तुटली होती, ती लावायला तिला लवकर निघायचं होतं. टेबलावर एका वेळी एकच गठ्ठा सोडायचा हा खोलीचा पहिला नियम. त्या दिवशी तिने दोन सोडले. मेलेल्या गोळा करणाऱ्याचे जुने गठ्ठे, चिठ्ठ्यांचे दोरे कसरीच्या किड्यांनी खाल्लेले. किडीच्या औषधाचा वास डोक्यात गेला म्हणून तिने खिडकी उघडली आणि वारा आत आला. दोन चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या. एक खिंडीची, एक काळ्या कड्याची. टेबलावर दोन फांद्या, दोन्ही काटेरी, पण एकीचे काटे साधे आणि दुसरीचे आकडेवाले, हाताला धरून ठेवणारे. ज्याला विचारावं तो माणूस उरला नव्हता. तिने क्षणभरच विचार केला. एवढं वाईट काट्यांचं झाड सोप्या जागी कशाला उगवेल? आणि कड्याची चिठ्ठी आकडेवाल्या फांदीला लावून टाकली. मग गुंडी लावायला पळाली.

ती आठवण इतकी वर्षं कुठे होती कोण जाणे. कदाचित ती आठवू नये म्हणूनच कागद कपाटात राहिला होता.

गप्प बसायचं तर गप्प बसता आलं असतं. मॅडमनी धूळ म्हणून सोडून दिलं होतं. बोललं तर धाकटा ज्या कड्यावर गेला, तिथे ते झाड कधीच नव्हतं असं छापून येणार. निदान तो कामासाठी गेला, एवढं तरी आतापर्यंत तिच्याजवळ होतं. पण सोमवारी लंबू दोर घेऊन निघणार होता. दोन पोरींचा बाप.

सकाळी ती मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं, गुंडीसकट. मॅडमनी चष्मा काढला.

"म्हणजे खिंडीत," त्या हळूच म्हणाल्या.

"बसच्या रस्त्यापासून पाऊण तास," चिकटबाई म्हणाली. "म्हातारी माणसंसुद्धा जातात."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी लंबूला बोलावून सोमवारची जागा बदलली. तिला म्हणाल्या, काळजी करू नका मावशी, 'चिठ्ठी बदलली असावी' एवढंच लिहू, कुणी बदलली ते लिहायची गरज नाही.

"गरज आहे," ती म्हणाली. "दुरुस्तीखाली नाव लागतं. मीच सगळ्यांना शिकवलंय."

संस्थेत जुनी चिठ्ठी कधी काढत नसत. चुकीची असली तरी ती तशीच राहायची, आणि दुरुस्तीची नवी चिठ्ठी तिच्या शेजारी लागायची, तारीख आणि नावासह. चिकटबाईने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'हा नमुना खिंडीतला आहे. चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली.' खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. ते वाचून बाकीच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ते नाव त्यांनी पहिल्यांदाच वाचलं होतं. डिंक लावून तिने चिठ्ठी अंगठ्याने दाबून धरली, वाळल्यावरही बराच वेळ.

सोमवारी सकाळी गेलेला लंबू दुपारच्या चहालाच परत आला. त्याने टेबलावर वर्तमानपत्र उलगडलं. आकडेवाल्या काट्यांच्या मधे फळं होती, वाटाण्याएवढी, काळपट जांभळी. त्याने एक फोडून दाखवलं. आत तीन बिया.

"फार अवघड होतं का?" तिने विचारलं.

लंबूने कपाळावरचा नसलेला घाम पुसला. "फार कसलं, जीव गेला माझा," तो म्हणाला. "चढ असा उभा. दोनदा तर मागेच फिरणार होतो. आणि दिसायला सोपं नाही हो, अगदी आत दडलेलं. माहीत नसलेल्याला सापडलंच नसतं."

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. तळव्यांना तेवढी पांढरी माती लागली होती. विजारीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "चढ वाईटच आहे तो."

तिने आपला चहा त्याच्यापुढे सरकवला. मग अंगठ्यात टोपण घातलं, सुईत दोरा ओवला आणि फांदी पांढऱ्या कागदावर मांडली. फळं कागदाच्या पाकिटात घालून पाकीट कोपऱ्यात चिकटवलं. एक फळ मात्र फांदीवरच ठेवून तिने दोन्ही बाजूंनी शिवून टाकलं, कुणी वाकून बघितलं तर पहिल्यांदा तेच दिसेल असं.