जावेचा मऊ भात

माझ्या धाकट्या जावेच्या आतड्यांचा मला हेवा वाटायचा.

नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही नांदुऱ्याजवळच्या खेड्यात राहायचो. जाऊ कमल आणि मी, दोघींना एकदमच दिवस गेले होते. तिला आतड्यांच्या सुजेचा जुना आजार. दिवस गेल्यावर तो उसळला, संडासावाटे रक्त जाऊ लागलं आणि अंग भरायच्या दिवसांत ती वाळत चालली. घर घाबरलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं, औषध बंद करायचं नाही, उपाशी राहायचं नाही, थोडं थोडं पण सारखं खायचं. मऊ भात, मुगाचं वरण, ताजं दही, पिकलं केळं. तिखट आणि कोंड्याचं तूर्त बंद.

आता आमच्या घरी भात शिजायचा तो सणाला, नाहीतर जावई आल्यावर. कमलला तो ऊठसूट! सासूबाई स्वतः जवळ बसून तिला भरवायच्या. मला भाकर, ठेचा आणि 'तुले काय धाड भरली' अशी नजर. (धडधाकट असणं हा केवढा गुन्हा आहे, हे मला तेव्हा कळलं.)

एका दुपारी घरात केळी आली. एखादं माझ्याकडे वळेल म्हणून मी झाडलेली ओसरी पुन्हा झाडली. नाही वळलं. मग मी पोट धरून खालीच बसले.

"काऊन वं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, मले बी कमलसारखंच होऊन राह्यलं."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. डॉक्टरचं मागून पाहू, आधी कमलचं पथ्य चालू कर, म्हणाल्या.

पहिला दिवस स्वर्गात गेला. पुढे वरणात मीठ आहे की नाही, अशी शंका येऊ लागली. मग शेजारणीच्या चुलीवरून भाजत्या मिरच्यांचा ठसका आला आणि मी भिंतीला टेकून चक्क रडले. डोहाळेही नेमके तिखटाचेच लागले! माघार घ्यावी तर बिंग फुटणार.

त्यातच माझं डोहाळजेवण आलं. गल्लीभरच्या बाया झुणका, भजी, ठेचा हाणत होत्या आणि हिरवं लुगडं नेसून, फुलांनी मढून उत्सवमूर्ती मऊ भात कालवत होती. शेजारी कमल, तेच ताट घेऊन. तिची तब्येत आता सुधारली होती. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही ठेच्यासंग भाकर खायच्या, तवा मले तुमचा लय हेवा वाटे. तुमच्या तोंडाकडे पाहूनच मी भात गिळे. आता तुमचं बी असं झालं, मले पाहावत नाही."

हातातला घास मी ताटात ठेवला. मी उठले, स्वयंपाकघरात सासूबाईंना गाठलं आणि माझ्या पोटाला काही झालेलं नाही, असं सांगून टाकलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," भजी तळता तळता त्या म्हणाल्या. "भाताची हौस फिटली का?"

"फिटली."

त्यांनी भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवून ताट पुढे सरकवलं. चुलीजवळ बसून मी नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवले.

पुढे दोघी सुखरूप बाळंत झालो. कमलची मुलगी माझ्या मुलापेक्षा गुबगुबीत निघाली, तेही मी सोसलं. बाळंतपणात दोघींना डिंकाचे लाडू होते. कमलला मेथी सोसायची नाही, म्हणून तिचे बिनमेथीचे, माझे कडू. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मी आता सुधारले आहे. पण तिचा लाडू माझ्या लाडवापेक्षा मोठा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन!